आठ कॅमेऱ्यांचं पॅकेज घेण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चोपड्याबाहेरच्या प्लॉटवर आई-आबा दोघंच राहतात, तुम्ही पुण्यात. भाव येईपर्यंत कापूस मागच्या खोलीत भरून ठेवलेला असतो. दुकानदार आठ कॅमेऱ्यांचं पॅकेज सुचवतोय, ते घ्यावं का? आणि शेतात बोअरवर सोलरचा कॅमेरा चालेल का?

माझं मत सरळ आहे. आठ घेऊ नका, चार घ्या. वाचलेला पैसा लेन्स, केबल आणि बॅकअपमध्ये घाला. कॅमेरे आठ असले तरी ‘कोणीतरी आलं होतं’ एवढंच कळणार असेल, तर पोलिसांना काय दाखवणार? कोण आलं ते कळायला हवं, आणि तिथे खरा खेळ लेन्सचा आहे.

पॅकेजमध्ये सहसा सगळे कॅमेरे २.८ एमएम लेन्सचे असतात. त्यात अख्खं अंगण मावतं, म्हणून डेमो बघताना छान वाटतं. पण अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रात दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागाच त्या दर्जाने दिसते. २.८ एमएमला ही रुंदी कॅमेऱ्यापासून तीन मीटरवरच भरते. त्यापुढचा माणूस दिसतो, ओळखू येत नाही. ६ एमएमची लेन्स लावली तर तेच काम साधारण सात मीटरपर्यंत होतं, फक्त बाजूचं कमी दिसतं. म्हणून फाटकाच्या वाटेवर एक ६ एमएम, ओट्यावर दाराशी एक २.८, मागच्या खोलीच्या दारावर एक आणि घराच्या कडेच्या बोळात एक. झाले चार.

दाराचा कॅमेरा सात-आठ फुटांवरच लावा. फिटर शिडी असेल तितकी उंच चढतो. वरून फक्त डोकं दिसतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात अर्धं गाव रुमाल गुंडाळून फिरतं. बाकीचे दहा-बारा फुटांवर चालतील. छज्जाला किंवा चुना मारलेल्या भिंतीला अगदी चिकटवून लावू नका. रात्री कॅमेऱ्याच्या आयआरचा (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड) उजेड भिंतीवरून परत येतो, चित्र पांढरं पडतं आणि मागचं सगळं काळं. घराचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर दाराच्या कॅमेऱ्याला खरा डब्ल्यूडीआर (कडक ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवायची सोय) हवाच, नाहीतर उन्हाकडे पाठ करून आलेला माणूस नुसती सावली दिसेल.

फिटरचे सगळे पैसे देण्याआधी एक करा. रात्री अंगणातला दिवा बंद करून आबांना फाटकातून नेहमीच्या चालीने आत येऊ द्या. मग लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंग मागे नेऊन थांबवा. चेहरा ओळखू आला तर काम झालं. नाही तर कॅमेरा हलवून घ्या.

कापसाच्या खोलीबद्दल मी फार आग्रही आहे. आत कॅमेरा नको, अ‍ॅडॉप्टर नको, वायरचा एक जोडही नको. एक ठिणगी आणि वर्षाची मेहनत गेली. कॅमेरा बाहेरून दाराकडे बघणारा लावा.

शक्य असेल तर आयपी कॅमेरे (नेटवर्क केबलवर चालणारे), एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) घ्या. एकाच कॅट सिक्स केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, शंभर मीटरपर्यंत. केबल शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, आणि लांब अंतरावर व्होल्टेज पडून रात्री आयआर लागला की कॅमेरा बंद-चालू होतो. एनव्हीआर, स्विच आणि फायबरचा राउटर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेऱ्यांसकट सगळं मिळून पन्नास-साठ वॉटचं काम आहे. डीपी जळाली तरी घरचा इन्व्हर्टर रात्र काढतो. एनव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर आधी तोच उचलतो. बंद कपाटात ठेवा, पण हवा खेळती राहू द्या.

साठवणीचा हिशेब: एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरलं तर दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. तुम्ही महिन्यातून एकदा येणार, तर ४ टीबी घ्या, तीही सर्व्हेलन्सवाली, म्हणजे चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी बनवलेली.

आता बोअरचा सोलर कॅमेरा. चालतो, पण आपल्या हवेत त्याची दुखणी आहेत. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो आणि पीआयआर सेन्सरने जागा होतो. हा सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागची उष्णता यांतला फरक ओळखतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी पत्रा, माती, शेडची भिंत सगळं अंगाइतकंच तापलेलं असतं. सेन्सरला फरक मिळत नाही, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत कॅमेरा जागा होत नाही. दुसरं, बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंशांची. जळगाव-भुसावळकडे सावलीतच पारा तिथे पोहोचतो, उन्हातल्या डब्यात काय होत असेल? म्हणून चोवीस तास रेकॉर्ड करणारा, मोठ्या पॅनेलचा कॅमेरा घ्या, बॅटरी पॅनेलच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला बसवा. रेकॉर्डिंग कार्डवर होऊ द्या. सिमवरून १ एमबीपीएसने लाइव्ह बघत बसलात तर तासाला ४५० एमबी जातात.

पासवर्डचं मनावर घ्या. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर) ताब्यात घेतले, ते कंपनीचे मूळ पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आपल्याकडे त्याहून साधी गोष्ट घडते: फिटर स्वतःच्या खात्यावर कॅमेरे जोडतो आणि तुम्हाला फक्त शेअर देतो. म्हणजे तुमच्या आईचा ओटा तो घरी बसून बघू शकतो. खातं तुमच्या नंबरवर, तुमच्यासमोर उघडून घ्या. राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत यायची वाट) उघडायला नाही म्हणा, अ‍ॅप त्याशिवाय चालतं. बिलावर प्रत्येक कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर लिहून घ्या, कारण एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणीची सरकारी अट लागू आहे आणि दुकानात जुना मालही पडून असू शकतो.

एनव्हीआरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करा. काही घडलंच तर रेकॉर्डिंग लगेच पेन ड्राइव्हवर काढा, मूळ डिस्कला हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पोलीस ठाण्यात ते विचारतील.

आणि आईला विचारल्याशिवाय घराच्या आत एकही कॅमेरा लावू नका. काळजीपोटीसुद्धा नाही. दारावरचा बोलता येणारा घ्या, म्हणजे दुपारी कोणी आलं तर तिला दार न उघडता विचारता येईल. शेजाऱ्यांची मोरी किंवा खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग झाका.

फाटकापासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजून इथे लिहा, घराचं तोंड कुठल्या दिशेला तेही सांगा. मग फाटकावर ६ एमएम पुरेल की मोठी लागेल, ते नक्की सांगतो.