85,000ची जुनी ओम्नी शेवटी कितीला पडते?

तुमचा प्रश्न असा आहे: 2011ची मारुती ओम्नी 85,000ला मिळतेय, आईवडिलांना आणि रोपवाटिकेचं सामान न्यायला हवीय, पासिंग आठ महिन्यांनी संपतंय. घ्यावी का, आणि खरा खर्च किती?

मी चिपळूणचा. 2022मध्ये 2008ची ओम्नी 62,000ला घेतली आणि ती अजून वापरतो. पहिल्या दीड वर्षात तिच्यावर आणखी पन्नास हजार गेले, विमा आणि पेट्रोल सोडून. त्यातले निम्मे तरी मला घेतानाच दिसायला हवे होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिनाची फार काळजी करू नका. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे. ओम्नी 2019मध्ये बंद झाली तरी पार्ट सहज मिळतात आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा ते उघडतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट मजुरीसह 6,200त झाली.

पैसे खातो तो पत्रा. सगळे मॅट उचलून खालचा तळ बघा, मागच्या चाकांवरच्या कमानी बघा, सरकत्या दाराची खालची पट्टी बघा. सडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पातळ कापडात चुंबक गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे. मी हे केलं नाही. नंतर तळ कापून नवा पत्रा वेल्ड करायला 18,000 गेले आणि गाडी तीन आठवडे गॅरेजला पडून राहिली. गाडी समुद्राकाठच्या गावातली असेल तर दुप्पट बारकाईने बघा.

टायर वरून चांगले दिसले तरी त्यांच्यावरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझे दहा वर्षांचे निघाले, चारही बदलले, 9,600. बॅटरी 3,500.

आता कागद. 15 वर्षं झाली की पुनर्नोंदणी, म्हणजेच पासिंग, करावी लागते, ती 5 वर्षांसाठी मिळते. 2022पासून कारसाठी तिची फी 5,000 आहे. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, मी पेट्रोल गाडीचा 5 वर्षांसाठी 3,000 भरला. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे दिवे, ब्रेक, पत्रा ही कामं त्याआधीच करावी लागतात. नाव बदलायला एजंटसकट 4,500 लागले. त्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि जुनी चलनं थकलीत का, ते बघून घ्या. गॅस किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं, आणि सीएनजीच्या टाकीची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते.

थर्ड पार्टी विमा 1000 सीसीखालच्या खासगी कारला वर्षाला 2,094 अधिक जीएसटी. पेट्रोलला माझी गाडी 13चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये धरा.

एक खर्च कुणी सांगत नाही. या गाडीला पुढे बॉनेट नाही, एअरबॅग नाही. समोरून धडक बसली तर मार थेट पायांवर येतो. म्हणून आईला घेऊन मी हायवेला जात नाही, लांबच्या प्रवासाला एसटी किंवा भाड्याची गाडी करतो. तुमचे आईवडील गाडीत असणार आहेत, तेव्हा कृपा करून हे मनावर घ्या. गावातल्या गावात मात्र सरकतं दार आणि बेताची उंची यांमुळे गुडघेदुखीची माणसं आरामात चढतात, आणि मागे रोपांचे क्रेट छान मावतात. त्या कामाला मला तरी दुसरी गाडी नकोच आहे.

तुमच्या जागी मी मालकाला सांगेन की पासिंग तुमच्याच नावावर करून द्या, हवे तर दहा हजार जास्त देतो. तळ चांगला निघाला तर तेवढ्याला ती महाग नाही. बघायला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. मॅटखाली हात घाला; ओल लागली तर 85,000ला घेऊ नका.