घरी शिकणाऱ्या लहान मुलांचं वेळापत्रक तिसऱ्याच दिवशी कोलमडतं. दिनक्रम टिकवायचा कसा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: एक मूल साडेसहा वर्षांचं, दुसरं चार, शिवाय दीड वर्षाचं बाळ. शाळेसारखं तासातासांचं वेळापत्रक भिंतीवर लावता, दोन दिवस निभतं, तिसऱ्या दिवशी बारगळतं, आणि असं तीनदा झालंय. तुमची चिकाटी कमी पडते असं मला वाटत नाही. खोट त्या कागदात आहे.

९ ते ९:३० वाचन, ९:३० ते १० गणित हा तक्ता एका घंटेवर चाळीस मुलं हलवायची असतात तिथे लागतो. घरात बाळाने ८:५० ला कपडे भरवले की वाचन ९:२० ला सुरू होतं, गणित ९:५० ला, आणि अकरा वाजेपर्यंत अख्खा दिवस उशिराच्या खात्यात जमा होतो. एकदा उशीर झालाच म्हटल्यावर माणूस उरलेला दिवसही सोडून देतो. म्हणून वेळ धरू नका, क्रम धरा. घरात काही गोष्टी रोज होतातच: उठणं, नाश्ता, बाळाची झोप, दुपारचं जेवण, आंघोळ, रात्रीचं अंथरूण. या खुंट्या समजा आणि प्रत्येक अभ्यास एकेका खुंटीला टांगा. नाश्त्याची भांडी उचलली की टेबल पुसायचं, टेबल पुसलं की अभ्यासाच्या सामानाचा डबा उघडायचा. भांडी साडेआठला उचलली गेली काय नि सव्वानऊला काय, पुढचं पाऊल तेच. घड्याळाशी इमान राखायचं ते एकाच बाबतीत, उठण्याच्या वेळेत. तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त इकडेतिकडे नको. ती हलली की भूक हलते, झोप हलते, आणि खुंट्याच भिंतीतून निघून येतात.

आता अभ्यास किती. इथे बहुतेक पालक दुप्पट-तिप्पट अंदाज बांधतात. शाळेचे पाच तास म्हणजे पाच तास शिकणं नव्हे. हजेरी, रांगा, वह्या वाटणं, इतरांचं होईपर्यंत थांबणं यात बराच वेळ जातो. एकाला एक शिकवताना साडेसहा वर्षांच्या मुलाला बसून करायचा अभ्यास दिवसाला एक ते दीड तास पुष्कळ झाला, तोही १५-२० मिनिटांच्या तुकड्यांत. चार वर्षांच्या मुलाला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे, तेही त्याला हवे असतील तर. बाकीचा दिवस खेळ, घरकामात लुडबुड, बाहेर हुंदडणं आणि गोष्टी ऐकणं. हे अभ्यासाच्या मधे भरलेलं पाणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. ही १८० मिनिटं आधी दिवसात बसवा, वाचन-लेखन उरलेल्या जागेत आरामात मावतं.

सगळं एकदम सुरू करणं हे मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण. पहिला आठवडा फक्त एकच गोष्ट: नाश्त्यानंतर पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. गणित नाही, वही नाही. हे इतकं सोपं ठेवायचं कारण या आठवड्यात मुलं काही शिकत नाहीत. शिकतंय ते घर. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या शेपटीला मोठ्याचं स्वतःचं वाचन जोडा. तिसऱ्यात गणित. चौथ्यात दुपारचा एखादा तुकडा, चित्रकलेचा किंवा प्रयोगाचा. एखादा आठवडा डगमगला तर पुढची पायरी पुढे ढकला आणि मागच्यावर उभे राहा. सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनमधल्या एका अभ्यासात, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या माणसांना साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. त्याच अभ्यासातली आणखी कामाची गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

डब्याचं सांगतो, कारण अर्धा दिनक्रम या डब्यात असतो. प्रत्येक मुलाचा एक, झाकणाचा, टेबलावर मावेल असा. मोठ्याच्या डब्यात: टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, वही (उद्याच्या पानावर खूण घालून), वाचायचं पुस्तक, दहा-बारा अक्षरांची कार्डं, छोटी पाटी, मोजायच्या वीस वस्तू. तो रात्री भरायचा, मुलं झोपल्यावर, पाच मिनिटांत. सकाळी शार्पनर शोधायला तुम्ही उठलात की तेवढ्यात धाकटा टेबलाखाली, मोठा खिडकीत, आणि परत गोळा करायला दहा मिनिटं. मोजायच्या वस्तूंबद्दल एक सावधगिरी: साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. तुमच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे, तेव्हा मणी आणि बटणं फक्त ते झोपलेलं असताना. एरवी मोठी बुचं किंवा ठोकळे वापरा.

एक तुकडा जवळून पाहू. साडेसहा वर्षांच्या मुलाचं वाचन, एकूण वीस मिनिटं. पहिली तीन मिनिटं जुनी कार्डं, भराभर, येणारीच. सुरुवात येणाऱ्या गोष्टीने झाली की मूल खुर्चीत स्थिरावतं. पुढची चार मिनिटं नवीन काहीतरी, पण एकच. मग आठ मिनिटं वाचन, फक्त शिकून झालेल्या अक्षरांतलं. क, म, ल, न आणि काना एवढ्यावर कान, नाक, काम, मान, लाल, काल, कमल, कमान, नमन इतके शब्द होतात. 'कान' उलटा केला की 'नाक' होतो हे मुलाला स्वतः सापडू द्या, तीन दिवस पुरेल इतकी मजा आहे त्यात. तीन मिनिटं दोन शब्द पाटीवर लिहिणं, शेवटची दोन मिनिटं त्याने निवडलेलं पान तुम्ही वाचून दाखवणं. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका, दोन्ही कच्च्या राहतात. दुसरी वेलांटी आधी घ्या, पहिली नंतर; पहिली लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे मूल हमखास अडखळतं. आणि अडखळलेला दिवस हा तुकडा लांबवायचा दिवस नाही. वीस मिनिटं झाली की बंद. उद्या तिथूनच. ओढून पस्तीस मिनिटं नेलं तर आजचा शब्द येईल, पण उद्या डबा उघडताना तोंड पाडलेलं असेल.

क्रम लावताना जड काम आधी आणि आवडीचं त्याच्या मागे. उलट लावलंत, म्हणजे आधी ठोकळे आणि मग वाचन, तर रोज ठोकळ्यांवरून भांडण ठरलेलं. डोळ्यांचं काम, मग हातांचं, मग पायांचं, अशी पाळी ठेवली की तीन तुकडे सहज निघतात: वाचन, वस्तू मोजत गणित, मग बाहेर पळापळ. टीव्ही आणि मोबाइल दोन तुकड्यांच्या मधे कधीच नको. तिथून परत टेबलावर आणणं हे वाचन शिकवण्यापेक्षा अवघड आहे. बघायचंच असेल तर दिवसाच्या क्रमात सगळ्यात शेवटी, ठरलेल्या खुंटीला. (आणि तुकडा चालू असताना सर्वात जास्त व्यत्यय कोणाच्या मोबाइलचा येतो ते एकदा मोजून पाहा.)

दिनक्रम फाटतो तो शिवणीवर, म्हणजे एका गोष्टीतून दुसरीत जाताना. 'चल, अभ्यास करूया का?' हा प्रश्न आहे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'नको' असं आहे. विचारायचंच असेल तर 'आधी अक्षरं की आधी बुचं?' असं विचारा. बसायचं हे ठरलेलंच, निवड फक्त आतली. चार वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटं' म्हणजे काय ते कळत नाही, दिसलं पाहिजे. वाळूचं घड्याळ चालेल, पण त्याहून चांगला उपाय म्हणजे खेळातलाच शेवट दाखवणं: 'हा मनोरा पूर्ण झाला की टेबलावर.' वाळू मनोऱ्याच्या मधेच संपते आणि रडारड होते. भिंतीवर लिहिलेल्या तक्त्याऐवजी दोरीवर चिमट्याने चित्रांची सहा ते आठ कार्डं लावा, झालेलं कार्ड मुलानेच पालथं करायचं. मग 'आता काय?' याचं उत्तर दोरी देते, तुम्ही नाही, आणि वाद घालायचा तर दोरीशी घालावा लागतो. आठपेक्षा जास्त कार्डं झाली की मूल बघेनासं होतं.

धाकट्यांचं काय? बाळाला आधी भरवा, झोपवा, आणि मोठ्याचं वाचन त्या झोपेत घ्या. तो तुकडा सगळ्यात नाजूक, त्याला सगळ्यात शांत वेळ. चार वर्षांच्याला मोठ्याच्या आधी दहा मिनिटं पूर्णपणे द्या, मांडीवर घेऊन, त्याच्या आवडीचं. हे उलटं केलं, म्हणजे 'आधी दादाचं होऊ दे', तर तो दादाची वीस मिनिटं खाऊन टाकतो. त्याच्यासाठी चार वेगळे डबे ठेवा, जे फक्त दादाच्या वाचनाच्या वेळी उघडतात: एकात मळलेली माती, एकात चिकटचित्रं आणि कागद, एकात झाकणं-डब्या, एकात चिमटे आणि पुठ्ठा. रोज एकच. एरवी कितीही हट्ट केला तरी तो डबा बाहेर येता कामा नये, नाहीतर आठवड्याभरात त्याचं तेज जातं.

विज्ञान, परिसर, चित्रकला, गाणी यांना वार नेमून देऊ नका. मंगळवारी विज्ञान ठरवलं आणि चार मंगळवार हुकले तर महिनाभर विज्ञानच नाही. सगळ्यांची एक यादी करा, आज जिथे थांबलात त्याच्या पुढचं उद्या, यादी संपली की पुन्हा वरून. दिवस चुकतो, विषय चुकत नाही. वाचन आणि गणित मात्र रोज, कारण पाच दिवसांची दहा-दहा मिनिटं एका दिवसाच्या पन्नास मिनिटांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

वाईट दिवसाचा दिनक्रम आत्ताच, चांगल्या दिवशी लिहून ठेवा. ताप, पाहुणे, रात्रभर जागरण. अशा दिवशी तीनच गोष्टी: दहा मिनिटं मोठ्याने वाचन, पाच मिनिटं बुचं मोजणं, एक पान. पंचवीस मिनिटांच्या आत सगळं. क्रम नेहमीचाच, फक्त आखूड. आजारी मुलाला यातूनही सूट, ते फक्त ऐकेल. आठवड्यापेक्षा मोठी सुट्टी पडली तर परत येताना पहिले तीन दिवस निम्माच अभ्यास ठेवा.

रोज ठरावीक वेळी कुणीतरी बिनसत असेल तर अभ्यासक्रमाला दोष देण्याआधी पाच दिवस फक्त वेळ टिपा: चिडचिड किती वाजता, त्याआधी खाणं किती वाजता, रात्रीची झोप किती. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२. कित्येकदा 'गणित आवडत नाही' याचा अर्थ एवढाच असतो की गणित भुकेच्या वेळेला येतं. ते नाश्त्याच्या जवळ सरकवा आणि आठवडाभर बघा.

नोंद ठेवायची ती झालेल्याची, ठरवलेल्याची नको. संध्याकाळी एका वहीत एक ओळ: तारीख, पुस्तकाचं पान, गणितात काय, कुठे अडलं. घरी शिकवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि काही ठिकाणी अशा नोंदी मागतातही. पण त्याचा खरा उपयोग दोन महिन्यांनी होतो, 'काहीच होत नाहीये' असं वाटायला लागतं तेव्हा मागची पानं चाळायला.

शेवटचा मुद्दा दुपारचा. तुमच्या चार वर्षांच्याची दुपारची झोप सुटत असेल किंवा लवकरच सुटेल, आणि पुष्कळ घरांत दिनक्रम तिथे दुसऱ्यांदा मोडतो. झोप गेली तरी ती वेळ सोडू नका. जेवणानंतर प्रत्येकाने आपापल्या जागी, पुस्तकं किंवा शांत खेळ घेऊन एकट्याने बसायचं. पहिले चार दिवस दहाच मिनिटं, मग दर चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवत पाऊण तासापर्यंत. मधे उठून आलं तर न बोलता हात धरून परत जागेवर नेऊन बसवायचं. समजावत बसलात की तोच खेळ होतो. त्या पाऊण तासात तुम्ही भांडी घासू नका, बसा.