कृपया ती कॅसेट शनिवारी लावू नका

तुमची पोस्ट सकाळी वाचली, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. काकांनी न्यू जर्सीहून आणलेली ‘हर्क्युलिस इन द हाँटेड वर्ल्ड’ची व्हिडिओ कॅसेट माळ्यावर सापडली, काचेतून रिळावर पांढरट ठिपके दिसतायत, व्हीसीआर (कॅसेट चालवायचं यंत्र) दुरुस्त करून आणलाय आणि शनिवारी घरातले सगळे मिळून बघणार आहात. हाच सिनेमा आणि हीच अवस्था माझ्याकडे २००९ साली होती. म्हणून आधी एवढंच सांगतो: लावू नका. ‘दोन मिनिटं चालवून बघू’ असंही नको, रिवाइंडही नको.

ते ठिपके म्हणजे धूळ नाही, बुरशी आहे. आम्ही चिपळूणचे. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर येते तीच. खात्री करायची तर कॅसेटच्या बाजूचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि टॉर्च मारा. कडेने कापसासारखे तंतू दिसले की समजायचं.

मी काय केलं ते सांगतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान सिनेमाचं झालं नाही. मामाने पाठवलेली ती कॅसेट मी कौतुकाने लावली. सुरुवातीची नावं दिसली, थोडा लाल-निळा धूर दिसला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मला वाटलं, कॅसेटच खराब आहे. मग व्हीसीआर ठीक आहे ना, हे बघायला हाताला लागली ती दुसरी कॅसेट आत घातली. ती ताईच्या लग्नाची होती, १९९३ ची.

हीच ती चूक. व्हीसीआरमधला हेडचा ड्रम, म्हणजे टेप वाचणारा फिरता गोल, आपल्याकडच्या पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि टेप त्याला घासून जाते. पहिल्या कॅसेटची बुरशी त्या ड्रमवर आणि रोलरवर चिकटून बसली होती. लग्नाची टेप तिथे अडकली, करकर आवाज आला आणि मी घाबरून इजेक्ट दाबलं. अर्धा हात टेप बाहेर लोंबत आली, साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पडलेली. नेमकी तिथे आजी मंगलाष्टकं म्हणत होती. आजी २००१ मध्ये गेली. तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. आता त्या जागी दीड ओळ ऐकू येते आणि मग नुसती खरखर. ताईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून तुमच्या माळ्यावर त्याच खोक्यात घरच्या कॅसेट असतील तर त्या आजच्या आज वेगळ्या करा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि फ्रिजमध्ये अजिबात नको. (जाता जाता: कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची खिट्टी शाबूत असेल तर ती मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जात नाही. घरच्या कॅसेटांना हे आधी करा.)

पुढचा त्रास ट्रान्सफरवाल्यांचा, म्हणजे कॅसेटची डीव्हीडी करून देणाऱ्यांचा. कुठल्या शहरातले वगैरे सांगत नाही, नावही घेणार नाही. दोन्ही कॅसेट त्यांच्याकडे दिल्या. महिनाभर ‘उद्या या’ चाललं. शेवटी हर्क्युलिसची डीव्हीडी हातात आली ती ब्लॅक अँड व्हाइट! विचारलं तर म्हणे, ‘साहेब, जुना पिक्चर आहे, तसाच असणार.’ मी त्यांना कॅसेटचं रंगीत कव्हर दाखवलं, तरी तेच. नंतर समजलं की टीव्हीच्या सिग्नलच्या वेगवेगळ्या पद्धती असतात: अमेरिकन कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते, आपल्याकडे पाल. आपले बरेचसे व्हीसीआर एनटीएससी ‘चालवतात’ म्हणजे टीव्हीला कळेल असा मधलाच सिग्नल काढतात. टीव्ही तो रंगीत दाखवतो, पण कॅप्चर कार्डला (टेपचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या भागाला) रंग कळला नाही की तो गाळला जातो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे खरा मल्टिसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धती नीट चालवणारा व्हीसीआर आहे का, आणि एनटीएससीचा रंगीत नमुना दाखवाल का? दुसरा प्रश्न: बुरशी आधी काढता की थेट मशिनमध्ये घालता? ‘काही होत नाही’ असं उत्तर आलं तर कॅसेट उचलून घरी या. तिसरं, मूळ कॅसेट परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या.

घरी कॅसेट उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्याचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. मी स्वतः ते कधी केलेलं नाही, त्यामुळे करा असं सांगणार नाही. केलंतच तर मास्क लावा, घराबाहेर करा, आणि आधी एखादी टाकाऊ कॅसेट घ्या.

आता सिनेमाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की हा सिनेमा त्या कॅसेटवर बघूच नये. बुरशी नसती तरी हेच म्हणालो असतो. मारिओ बाव्हाने १९६१ मध्ये इटलीत हा अगदी तुटपुंज्या पैशांत काढला. मोजके खांब इकडचे तिकडे हलवून राजवाडा उभा केला, पाताळ उभं केलं. पैशांची उणीव त्याने रंगीत प्रकाशाने भरून काढली, आधी तो छायालेखकच होता. गुहेच्या एका भिंतीवर हिरवा, दुसरीवर जांभळा, मध्ये रेज पार्क या नटाचा हर्क्युलिस. पाताळातल्या वेली कापल्यावर त्यातून रक्त येतं आणि त्या कण्हतात. व्हीएचएसवर, म्हणजे या प्रकारच्या कॅसेटवर, लाल रंग कडेने पसरतो, त्यामुळे तिथे नुसता गिलावा दिसतो. शिवाय सिनेमा २.३५ ला १ अशा रुंद चौकटीचा आणि कॅसेट जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेली. हिशेब करून बघा, चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गेलेलं असतं. उकळत्या लाव्हावरच्या दोरीच्या प्रसंगात अंतर कळलं नाही तर भीती कसली वाटणार?

ग्रीक कथा माहीत असेल तर आणखी मजा येते. मूळ कथेत थीसियस हा वीर पाताळाची राणी पर्सेफोनी हिला पळवायला पाताळात जातो आणि तिथेच अडकतो, हर्क्युलिस त्याला सोडवतो. इथे दोघे बरोबर उतरतात आणि थीसियस तिच्या प्रेमात पडून तिला चोरून वर आणतो. पलंगावर माणसं ताणणारा प्रोक्रस्टीस इथे दगडाचा राक्षस झालाय. शेवट सांगत नाही.

किनो लॉर्बर या कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकेत याची ब्लू-रे काढली, त्यात इटालियन, ब्रिटिश आणि अमेरिकन अशा तिन्ही आवृत्त्या आहेत. इटालियन आवाजात बघा, हा माझा आग्रह. यातला खलनायक झालेल्या क्रिस्टोफर लीचा आवाज ऐकायला म्हणून इंग्रजी लावाल तर फसाल, इंग्रजीतही त्याच्या तोंडी दुसऱ्याच माणसाचा आवाज आहे. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

मात्र मागवण्याआधी रिजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. भारत ब्लू-रेसाठी रिजन सी, अमेरिका ए. डीव्हीडीत आपण ५, अमेरिका १. इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर अमेरिकन डिस्क बहुधा चालणार नाही. इंटरनेटवरून फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) उतरवून प्लेअर ‘मोकळा’ करायच्या भानगडीत पडू नका. सगळे रिजन चालणारा प्लेअर मिळतो तो घ्या, किंवा कॉम्प्युटरला वेगळा ब्लू-रे ड्राइव्ह जोडून डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिजन ए वर ठेवा. तिथे रिजन बहुधा ठरावीक वेळाच बदलता येतो, तेव्हा उगाच बदलत बसू नका. पोस्टाने आली तर कस्टम ड्युटी लागू शकते. तिकडून कोणी येणार असेल तर त्यांच्या बॅगेतून आणणं सोपं. माझी भाच्याने आणली.

काकांची कॅसेट टाकू मात्र नका. कव्हर जपा, ते सुंदर असतं. आणि त्या खोक्यात अजून काय काय आहे ते आधी इथे लिहा. घरचं काही असेल तर त्याचा टॉर्च मारून काढलेला फोटो टाका, मग कुठून सुरुवात करायची ते सांगतो. शनिवारपर्यंत व्हीसीआरची वायर काढूनच ठेवा.