आरोग्य विमा देणं हे राज्यघटनेनुसार सरकारचं कर्तव्य आहे का? (यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी)

सरकारने आरोग्य विमा दिलाच पाहिजे असं घटनेत कुठेच लिहिलेलं नाही, पण उपचाराची जबाबदारी मात्र सरकारचीच आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने कलम ३७ नुसार फक्त त्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. खरा आधार कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं, तेव्हा १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तातडीचा उपचार नाकारणं हा या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. विमा योजना नसती तरी हे बंधन राहिलंच असतं, हे आपल्या भागात लोकांना कुणी सांगतच नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना हे कर्तव्य पार पाडण्याचं फक्त एक साधन आहे. ती ठरलेल्या आजारांसाठी आणि नोंदणीकृत दवाखान्यातच चालते. साध्या तापाच्या गोळ्यांना नाही. मी गावात या योजनेचे कागद भरून देतो, त्यावरून सांगतो: रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच पाहा, ‘रामराव’ आणि ‘रामा’ एवढ्या फरकानेही भरतीच्या वेळी काम अडतं. दवाखान्यात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे या योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला भेटा.