आधी जेव, मग ग्रुप सोड

अरे, काल सकाळी तू ग्रुप सोडलास ते मी अ‍ॅडमिन म्हणून मलाच दिसलं, बाकी कोणाला पत्ताही नाहीये. मग तुझा तो लांबलचक मेसेज आला, की 18 किमीच्या रनला शेवटचे 4 किमी सगळे पुढे निघून गेले, कोणी थांबलं नाही, वर पोह्यांच्या गाडीवरचा फोटो टाकला त्यात तू नाहीस, म्हणजे तू कोणालाच नकोयस.

"एवढं काय मनाला लावून घेतोस" असं मी म्हणणार नाही. तेच ऐकत मोठी झाले, आणि मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि आवेग आवरणं मेंदूला जड जातं, हे कळलं तेव्हा मी 39 ची होते. कोणी नाकारलं असं नुसतं वाटलं तरी असह्य दुखतं, या प्रकाराला आरएसडी (रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया) म्हणतात, विल्यम डॉडसन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने हा शब्द रूढ केला. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, ते वेगळं निदान म्हणून नाहीये, पण छातीत कळ येते ती खरीच. आधी कळ येते, मग डोकं तिला शोभेल अशी स्टोरी रचतं.

आणि लाँग रननंतर तर विचारूच नकोस. चारला उठलेला, पाणी कमी प्यायलेला, त्यात एडीएचडीच्या गोळीने तुझी भूक मेलेली, म्हणजे अकरापर्यंत पोटात काही नाही. अशा वेळी कोणी नुसता "हं" केलं तरी रडू येतं. म्हणून माझा नियम असा की आंघोळ आणि जेवण होईपर्यंत कोणाला मेसेज नाही, ग्रुप सोडणं नाही, रेस कॅन्सल करणं नाही. एकदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायलाच गेले नाही मी, का तर कोचने माझ्या टायमिंगवर नुसता अंगठा टाकला होता! फी गेली ती गेलीच.

अजून एक, राग आला की तू दुसऱ्या दिवशीच्या ईझी रनला, जो हळू पळायचा असतो, किमीला 5:10 च्या पेसने सुटतोस, स्ट्राव्हा अ‍ॅपवर दिसतं बाबा. गोळीने हार्ट रेट आधीच थोडा वर, त्यात हे. जूनमध्ये नडगी धरली ती अशीच.

पुढच्या वेळी निघायच्या आधीच विचार, "मागे पडलो तर थांबाल, की थेट गाडीवर भेटू?" मी त्यातल्या एकाला विचारलं, तर म्हणे आम्हाला वाटलं इअरफोन लावून निवांत येतोय.

ग्रुपची लिंक पाठवते, पण आधी जेवलास का ते कळव.