वाचक विचारतात: करंजाचं तेल आणि रिफायनिंगचं यंत्र

प्रश्न : आमचा बचत गट यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बांधावरच्या आणि नाल्याकाठच्या करंजाच्या बिया वेचून आम्ही एक्स्पेलरवर तेल काढतो. तेल गढूळ निघतं, पिंपाच्या तळाशी गाळ बसतो. साबणवाला दर पाडतो, बायोडिझेलवाला ‘अ‍ॅसिड जास्त’ म्हणून माल परत पाठवतो. कर्ज काढून रिफायनिंगचं यंत्र घ्यावं का?

उत्तर : ताई, या हंगामात तरी कर्ज काढू नका. तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी अ‍ॅसिडचं. बी ओलसर राहिली की तिच्यातलंच एन्झाइम तेल फोडतं आणि स्निग्धाम्लं मोकळी होतात, तेच हे ‘अ‍ॅसिड’. शेंगा उन्हाळ्यात वेचता, पण बी बारदानात भरून पावसाळाभर ठेवत असाल तर गिरणीत जाण्याआधीच नुकसान झालेलं असतं. सरकीच्या गिरणीच्या लॅबमध्ये मी हेच बघत आलो : पावसात भिजलेल्या सरकीचं तेल आम्लात हमखास चढं. शेंगा फोडून बी कडक वाळवा आणि पहिल्या पावसाआधी तेल काढून घ्या. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन फुकटचं आहे, त्याचा फायदा घ्या.

कॉस्टिक सोड्यानं आम्ल काढता येतं, पण ते महागात पडतं. १०० किलो तेलात ६ टक्के आम्ल असेल तर हिशेबानं सुमारे ८५० ग्रॅम कॉस्टिक लागतं. ६ किलो आम्लाचा साबण होऊन खाली बसतो आणि सोबत चांगलं तेलही ओढून नेतो. साबणवाल्यासाठी हा खटाटोप कशाला? त्याला शेवटी कॉस्टिकच घालायचं असतं. बायोडिझेलवाल्याला मात्र आम्ल २ टक्क्यांच्या आत लागतं. त्याहून जास्त असेल तर आधी मिथेनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते. मिथेनॉल विषारी आणि झटकन पेट घेणारं, ते काम त्याच्याच कारखान्यात होऊ द्या.

आता गाळ. तो मुख्यतः डिंकासारख्या फॉस्फोलिपिडांचा आणि पेंडीच्या कणांचा. तेल ७० अंशांपर्यंत तापवा, १०० किलोला २-३ लिटर गरम पाणी घालून अर्धा तास सावकाश ढवळा आणि रात्रभर निवू द्या. वरचं तेल काढा, उरलेलं पाणी उडेपर्यंत मंद तापवा, मग फिल्टर प्रेसमधून (कापडातून दाबानं गाळणाऱ्या यंत्रातून) गाळा. एवढ्यानं साबणवाल्याची तक्रार बरीच मिटेल.

पैसे घालायचेच तर ब्युरेट (थेंबाथेंबानं द्रव सोडणारी, मिलीच्या खुणांची काचेची नळी) आणि बारीक वजनकाटा घ्या. २.८२ ग्रॅम तेल ५० मिली उदासीन केलेल्या (म्हणजे स्वतःचं आम्ल आधीच कॉस्टिकनं मारलेल्या) कोमट अल्कोहोलमध्ये घाला, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या रंगद्रव्याचे) दोन-तीन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक (लिटरभर द्रावणात ४ ग्रॅम) ब्युरेटमधून थेंबाथेंबानं सोडत हलवत राहा. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. जितके मिली लागले तितके टक्के आम्ल. करंजाचं तेल तपकिरी, म्हणून मागे पांढरा कागद धरा. प्रत्येक पिंपावर हा आकडा लिहून ठेवा, म्हणजे भाव करताना गिऱ्हाईक सांगेल तेच ऐकून घ्यावं लागणार नाही. पहिल्यांदा कुणी शिकवायला हवं असेल तर जळगावला विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत चौकशी करा.

पेंडीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. सरकीच्या ढेपेसारखी ती गुरांपुढे टाकू नका, करंजातली कडू द्रव्यं त्यांना बाधतात. तुमच्याकडे केळीचे मळे आहेत, तिथे ती खत म्हणून खपेल.