रेनॉल्ड्सच्या प्रयोगात 2000 ओलांडल्यावरही रंगाची रेघ सरळच का राहते?

प्रश्न असा आहे: ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्याविषयी सांगा, आणि आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये रेनॉल्ड्स नंबर 4000 च्या वर गेला तरी रंगाची रेघ तुटली नाही, सरांनी रीडिंग चुकीचं ठरवून पुन्हा घ्यायला लावलं, तर चूक कुठे झाली?

चूक झालेली नाही. रेनॉल्ड्स नंबर म्हणजे वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी म्हणजे चिकटपणा); प्रवाह शांत असेल तर नळीत सोडलेली रंगाची रेघ सरळ राहते, खळबळ झाली की तुटते, आणि ही सीमा 2000 ला आहे असं सरसकट शिकवतात. तुमचं रीडिंग खोडायला लावणाऱ्यांनी 1883 चा मूळ प्रयोग समजून घेतलेला नाही. हे मी ठामपणे लिहितो, कारण 2000 यावं म्हणून जर्नलमध्ये आकडे जुळवायची सवय याच एका प्रयोगातून लागते आणि ती मला अजिबात मान्य नाही.

रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात काय मांडलं होतं ते बघा. 6 फूट लांब, काचेच्या बाजू असलेली टाकी. तिच्यात आडवी बुडवलेली, सुमारे 5 फूट लांबीची काचेची नळी. नळ्या तीन मापांच्या घेतल्या होत्या: 1 इंच, अर्धा इंच आणि पाव इंच. तोंडाला कर्ण्यासारखा पसरट, गुळगुळीत लाकडी मुखभाग बसवलेला. वेग बदलणारा व्हॉल्व्ह नळीच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या पाइपवर होता आणि तो लांब दांड्याने फिरवायचा, म्हणजे हाताचा धक्का टाकीला लागत नाही. टाकी भरल्यावर पाणी कित्येक तास स्थिर होऊ द्यायचं आणि मगच रंग सोडायचा. पाण्याचं तापमान बदलूनही प्रयोग केले, कारण व्हिस्कॉसिटीचा वाटा वेगळा काढायचा होता. एवढी काळजी घेतल्यावर त्यांची रेघ सुमारे 13,000 ला फुटली. तेरा हजार! मग तुमचे 4000 कशासाठी खोडायचे?

2000 च्या आसपासचा आकडा आला तो त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगातून, आणि त्यात रंग नव्हताच. पाव आणि अर्ध्या इंचाचे, 16 फूट लांबीचे शिशाचे पाइप घेऊन त्यात पाणी मुद्दाम खवळलेलं सोडलं. प्रवाहाला निवायला आधी सुमारे 10 फूट मोकळे ठेवले आणि शेवटच्या 5 फुटांवर दाब किती घटतो ते मोजलं. कमी वेगात घट वेगाच्या सरळ प्रमाणात होती. एका मर्यादेनंतर ती वेगाच्या सुमारे 1.72 व्या घातात वाढू लागली. ती मर्यादा म्हणजे आपला 2000. त्याच्या खाली कितीही ढवळलं तरी प्रवाह शांत होतो. त्याच्या वर खळबळ टिकू शकते, पण ती सुरू व्हायला आधी धक्का लागतो. धक्काच मिळाला नाही तर प्रवाह लॅमिनार, म्हणजे थरांथरांनी शांत वाहणारा, राहतो. पुढे एकमन यांनी रेनॉल्ड्स यांच्याच उपकरणावर 40,000 च्या पुढे लॅमिनार प्रवाह टिकवला. 1961 मध्ये फेनिंगर यांनी 1 लाख गाठले. उलट शंभरेक वर्षांनी मँचेस्टरमध्ये त्याच उपकरणावर पुन्हा प्रयोग झाला, तेव्हा रस्त्यावरच्या रहदारीच्या कंपनांमुळे आकडा 13,000 च्या खाली आला. पाणी तेच, नळी तीच. बदलला तो हादरा.

म्हणून व्हायवात 'क्रिटिकल नंबर (प्रवाह बदलतो तो आकडा) किती' एवढंच विचारणं अपुरं आहे. खालचा (2000) की वरचा (रेनॉल्ड्स यांच्या 13,000 सारखा), आणि नळीचं तोंड कसं होतं, हे विचारायला हवं.

आता तुमच्या सेटअपचं. 25 मिमी नळीत 20 अंशांना 2000 म्हणजे सेकंदाला 8 सेंमी वेग, म्हणजे 1 लिटर भरायला साधारण 25 सेकंद. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज 30 अंश असतं. तेव्हा व्हिस्कॉसिटी सुमारे 20 टक्क्यांनी कमी, म्हणून तोच 2000 गाठायला 31–32 सेकंद. तक्त्यातली 20 अंशांची किंमत घेऊन गणित केलं असेल, तर तुमचा खरा आकडा 4000 नाही, 5000 आहे. थर्मामीटर टाकीत बुडवून ठेवा.

पंप चालू ठेवून रीडिंग घेऊ नका. रंग टाकीतून काढून घेतलेल्याच पाण्यात कालवा. पोटॅशियम परमँगनेट दाट झालं तर रेघ खाली बसते, आणि ते नळीच्या तळाला टेकणं बघून पोरं 'टर्ब्युलंट' (खळबळता प्रवाह) लिहितात. सुईतून रंग भोवतालच्या पाण्याइतक्याच वेगाने यायला हवा. जोरात आला तर रेघ सुईपाशीच वळवळते. इनलेटचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून वेग कमी करणं सगळ्यात वाईट, कारण खळबळ तिथेच तयार होते. नळीला चिकटलेला हवेचा बुडबुडाही तेच करतो.

रेनॉल्ड्स यांच्याविषयी थोडक्यात: जन्म 1842, बेलफास्ट. केंब्रिजला जाण्याआधी यंत्रशाळेत उमेदवारी केली, आणि ती त्यांच्या उपकरणांत दिसते. 1868 पासून 1905 पर्यंत ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. 1886 मध्ये बेअरिंगमधल्या तेलाच्या थराचा सिद्धांत मांडला. बेअरिंग डिझाइन आजही त्यावरच चालतं. 1895 मध्ये वेगाचे सरासरी आणि चढउतार असे दोन भाग पाडले. सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित करणाऱ्या) सॉफ्टवेअरमधल्या 'रेनॉल्ड्स स्ट्रेस'चा, म्हणजे त्या चढउतारांमुळे येणाऱ्या जादा ताणाचा, उगम तिथे आहे. माझ्या मते हे काम 1883 पेक्षाही मोठं. 1912 मध्ये निधन. 'रेनॉल्ड्स नंबर' हे नाव त्यांनी दिलेलं नाही, ते 1908 मध्ये सोमरफेल्ड यांनी वापरलं.

एक राहिलं. 1–1.5 मीटरच्या नळीत प्रवाह पूर्ण विकसित होत नाही, म्हणजे वेगाची आडवी वाटणी अजून बदलतच असते; 25 मिमी व्यासाला 2000 वर त्यासाठीच सुमारे 3 मीटर लागतात. त्यामुळे खालची मर्यादा तुमच्या नळीत नेमकी मिळणार नाही, अंदाज येईल. तरी दोन्ही बाजूंनी मोजा: आधी शांत पाण्यात वेग हळूहळू वाढवत, नंतर तोंडाशी काचेची कांडी धरून पाणी ढवळत वेग कमी करत. दोन्ही आकडे जर्नलमध्ये लिहा, शेजारी तापमान लिहा, आणि सरांनी विचारलं तर 13,000 चा संदर्भ द्या.